नाकातले पाणी आणि मेंदूतील दाब

पालि विनयपिटकात वैद्य जीवकाची एक हकीकत आहे. राजगृहाचा एक श्रेष्ठी सात वर्षे डोकेदुखीने बेजार होता. नामांकित वैद्यांनी हात टेकले होते. तक्षशिलेत शिकून आलेल्या जीवकाने कवटी उघडून दुखण्याचे मूळ बाहेर काढले, असे ती कथा सांगते. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी एक बोध उरतो : लक्षणापाशी थांबू नये, कारणापर्यंत जावे. आज आम्ही अशाच एका दुखण्याची माहिती समाजबांधव व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहोत. हे दुखणे सर्दी समजून अनेकदा अंगावर काढले जाते व त्यात जिवाला धोका असतो.

आपला मेंदू एका स्वच्छ, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. आर्किमिडीजचे तत्त्व विद्यार्थ्यांनी आठवावे : सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा मेंदू या द्रवात जेमतेम ५० ग्रॅमचा असल्यासारखा राहतो. प्रौढ माणसात हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. पण दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. म्हणजे जुना द्रव सतत निघून जावा लागतो. तो मुख्यतः मेंदूभोवतीच्या मोठ्या नीलांतील रक्तात मिसळतो.

आता समजा, या नीलेची वाट अरुंद झाली. रक्त तुंबते, द्रव मुरत नाही, कवटीतील दाब वाढतो. वाढलेला दाब त्याच नीलेला बाहेरून आणखी दाबतो. असे दुष्टचक्र सुरू होते. डोके दुखते, नाडीच्या ठोक्याबरोबर कानात आवाज येतो, नजर अंधुक होते. हा विकार विशेषतः तरुण व वजन जास्त असलेल्या स्त्रियांत आढळतो. कवटीच्या तळाचे हाड काही ठिकाणी अगदी पातळ असते. वर्षानुवर्षांच्या दाबाने ते झिजते, त्यावरील आवरण फाटते आणि कोणताही मार लागलेला नसताना द्रव नाकातून गळू लागतो.

ही गळती ओळखावी कशी? पाणी बहुधा एकाच नाकपुडीतून येते, खाली वाकल्यावर वाढते, चवीला खारट लागते. शेंबूड वाळला की रुमाल कडक होतो. या पाण्याने तसा होत नाही. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन या द्रवात असते, साध्या शेंबडात नसते. ज्या वाटेने द्रव बाहेर येतो त्याच वाटेने जंतू आत जाऊ शकतात आणि मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. म्हणून विलंब परवडत नाही.

भोक बुजविण्याची शस्त्रक्रिया आता बहुधा नाकातूनच दुर्बिणीने होते. परंतु दाब तसाच राहिला तर गळती पुन्हा होण्याची भीती असते. बंधाऱ्याची फट लिंपली, पण सांडवा मोकळा केला नाही, तर पाणी दुसरीकडून फुटते. म्हणून वजन कमी करणे व द्रवाची निर्मिती घटविणारे अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध, हे उपाय करतात.

त्याने भागले नाही आणि नीला खरोखरच अरुंद असली, तर स्टेंटचा विचार होतो. वाढलेल्या दाबासाठी मेंदूच्या नीलेत स्टेंट बसविल्याचा वृत्तान्त २००२ साली इंग्लंडमधील केंब्रिजच्या डॉ. निकोलस हिगिन्स व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. जांघेतील नीलेतून बारीक नळी डोक्यापर्यंत नेतात व अरुंद जागेच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजतात. फरक साधारण ८ मिलिमीटर पारा किंवा अधिक असल्यास तेथे धातूची जाळीदार नळी बसवितात. वाट रुंद होते, तुंबलेले रक्त वाहू लागते, दाब उतरतो. केवळ स्टेंटने नाकातील गळती थांबलेल्या रुग्णांच्याही नोंदी आहेत. पण अशा रुग्णांची संख्या थोडी आहे. हा पहिला उपाय नव्हे. रक्तस्राव, गुठळी किंवा स्टेंटलगत पुन्हा आकुंचन हे धोके आहेत. नंतर काही महिने अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल नियमित घ्यावे लागते.

एक सावधगिरी. पाठीच्या कण्यातूनही अशी गळती होते. तिच्यात उभे राहिले की डोके दुखते व आडवे झाल्यावर उतरते. तेथे विश्रांती, किंवा रुग्णाचेच रक्त कण्यातील आवरणाबाहेर सोडून गळती बुजविणे, हे उपाय आहेत. कण्यातील द्रव थेट नीलेत गळतो, असा प्रकार २०१४ साली वर्णिला गेला. त्यात नीलेची वाट रुंद करीत नाहीत, उलट ती बंद करतात. गळती एकच दिसली तरी कारण वेगळे, म्हणून उपचारही वेगळा.

कारणाशिवाय कार्य नाही, हे भगवान बुद्धांनी शिकविले. घरातील माय-बहिणीच्या नाकातून महिनोन्महिने पाणी गळत असेल, तर अंगारा-धुपारा नको, रोज नवी सर्दीची गोळीही नको. तिला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे न्यावे, नजर तपासून घ्यावी. ताप, मानेचा ताठरपणा वा गुंगी आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली होती. आपण निदान वेळेवर सोबत तरी जाऊ या.

जय भीम !