दर्यापार – लेखांक ६ : रस्ता ओलांडायचा हिशेब

मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते त्या तोंडावर पूर्णगडाचा छोटेखानी किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी गाव. रत्नागिरीहून पावसमार्गे येणारा सागरी रस्ता इथे खाडीपुलावर चढतो आणि पलीकडे गावखडीला उतरतो. कागदोपत्री हा रेवस ते रेड्डी या सुमारे ५०० किलोमीटरच्या सागरी महामार्गाचा तुकडा. प्रत्यक्षात या पट्ट्यात पायी जाणाऱ्याच्या वाट्याला जागोजागी डांबराच्या कडेची हातभर लाल माती तेवढी येते, आणि पावसाळ्यात तिचाही चिखल होतो. एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला गटार. चिऱ्याचा ट्रक आला की माणूस छत्री मिटतो, गडग्याला पाठ लावून उभा राहतो आणि ट्रक पुढे गेला की चालू लागतो. यात त्याला काही विशेष वाटत नाही.

पाखाडी उतरून याच रस्त्यावर आलेलं पोर पाच-सहा वर्षांचं असल्यापासून एक हिशेब शिकत असतं. रस्ता साधारण साडेपाच मीटर रुंद. नेहमीच्या चालीने तो पार करायला साडेचार-पाच सेकंद लागतात. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडीचा वेग ताशी चाळीसच्या आसपास, म्हणजे तेवढ्या वेळात ती पन्नासएक मीटर पुढे येते. हे आकडे पोराला कोणी सांगत नाही, पण ‘त्या आंब्यापाशी गाडी आहे, तोवर आपण पलीकडे’ हे त्याच्या अंगवळणी पडतं. बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतं.

हाच हिशेब घेऊन ते पोर मोठेपणी दुबईला, शारजाला, दोह्याला किंवा कुवेतला जातो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आखाती देशांत जाणारी वाट १९७०च्या दशकापासून चांगलीच रुळलेली आहे. मागच्या लेखांकात आपण पासपोर्टवरचा ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असं सांगणारा) शिक्का, एजंट आणि करारनामा यांच्याविषयी वाचलं. विमानतळाबाहेर पडल्यावर पहिल्या दिवसापासून ज्याच्याशी गाठ पडते तो रस्ता मात्र कुठल्याच करारनाम्यात नसतो.

दुबईच्या शेख झायेद रस्त्यासारखा रस्ता घेऊ. एका दिशेलाच सहा लेन धरल्या तर बावीस मीटर डांबर. त्याच चालीने ते ओलांडायला अठरा सेकंद हवेत. गाडी ताशी १२० किलोमीटरने येत असेल तर ती सेकंदाला तेहतीस मीटर कापते. अठरा सेकंदांत सहाशे मीटर! पूर्णगडला पन्नास मीटरवरची गाडी पाहून निर्णय घेणाऱ्या माणसाला इथे सहाशे मीटर पलीकडची गाडी मोजावी लागते, आणि नजरेला ते जमत नाही. येणाऱ्या गाडीचा वेग आपण ती किती भराभर मोठी होत जाते त्यावरून ताडतो. सहाशे मीटरवरची गाडी बराच वेळ ठिपक्याएवढीच राहते, आणि मोठी दिसू लागते तेव्हा उशीर झालेला असतो. चालकाने पाहिलं तरी काय? १२० च्या वेगात ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तीसेक मीटर गेलेले असतात, आणि कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला एकूण शंभर मीटरच्या वर लागतात.

‘मग ओलांडतात कशाला?’ हा प्रश्न गाडीत बसून विचारणं सोपं. पादचारी पूल किलोमीटरभर लांब, ऊन पंचेचाळीस अंशांचं, बसथांबा आणि खानावळ समोर दिसतेय, आणि पाय बारा तास उभे राहून भरून आलेले. मुहैसना भागातल्या ज्या कामगार वस्तीला भारतीय मंडळी सोनापूर म्हणतात तिथे किंवा जबल अलीच्या बाजूला राहणाऱ्यांचं रोजचं आयुष्य अशा रुंद रस्त्यांच्या कडेने जातं. शहर गाडीसाठी आखलं आणि माणसं त्यात नंतर बसवली, असं हे प्रकरण आहे. मेट्रोच्या स्थानकांना जोडलेले वातानुकूलित पूल उत्तम आहेत, पण जिथे मेट्रो नाही तिथे तेही नाहीत.

कायदा मात्र पायी चालणाऱ्याला भलताच कडक. संयुक्त अरब अमिरातीत भलत्या ठिकाणी रस्ता ओलांडला तर ४०० दिरहम दंड अनेक वर्षांपासून आहे. एकट्या दुबईत २०२३ साली ४४ हजारांहून अधिक लोकांना तो झाला आणि अशा ओलांडण्यात आठ जण दगावले. २९ मार्च २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्याने पकड आणखी आवळली आहे. अशा ओलांडण्यातून अपघात घडला तर कैद आणि पाच ते दहा हजार दिरहम दंड. वेगमर्यादा ताशी ८० किंवा त्याहून जास्त असलेल्या रस्त्यावर हाच गुन्हा केला तर किमान तीन महिने कैद, किमान दहा हजार दिरहम दंड, किंवा दोन्ही. उलट बाजूने, झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला वाट न देणाऱ्या चालकाला ५०० दिरहम दंड आणि परवान्यावर सहा काळे गुण (दोषांक) आहेत. तिथे पट्ट्यांवर गाड्या खरोखरच थांबतात. आपल्याकडून गेलेल्या माणसाला प्रथम त्याचंच आश्चर्य वाटतं.

आता दुसरी गोष्ट, बाजूची. आखातातले सगळे देश उजवीकडून गाडी चालवतात. बहरीन तर पूर्वी आपल्यासारखा डावीकडून चालायचा, १९६७ साली तो बदलला. कोकणातले जुने लोक दर्यापार गेले ते बरेचसे दक्षिण आफ्रिकेला, पूर्व आफ्रिकेला. ते ब्रिटिशांच्या अमलातले मुलूख, रस्त्याची बाजू घरच्यासारखीच. बाजू उलटण्याचा प्रश्न पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आला.

डावी-उजवी उलटली की हुशारी कामाला येत नाही. १३ डिसेंबर १९३१ च्या रात्री विन्स्टन चर्चिल न्यूयॉर्कला फिफ्थ अव्हेन्यूवर टॅक्सीतून उतरले आणि रस्ता ओलांडायला निघाले. मध्यापर्यंत आल्यावर इंग्लंडच्या सवयीने त्यांनी डावीकडे पाहिलं. मोटार आली ती उजवीकडून. डोक्याला आणि छातीला मार लागून त्यांना लेनॉक्स हिल इस्पितळात राहावं लागलं. चालकाचा दोष नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि पुढे त्या अपघातावर वर्तमानपत्रात लेख लिहून पैसेही मिळवले. लंडनचा पालिका कारभार अधिक व्यवहारी. तिथे फूटपाथवरून पाऊल खाली पडतं नेमक्या त्या जागी ‘उजवीकडे पाहा’, ‘डावीकडे पाहा’ असं जमिनीवरच रंगवलेलं असतं.

यातला खरा धोका पहिल्या आठवड्यात नसतो. ३ सप्टेंबर १९६७ रोजी सगळ्या स्वीडनने एका पहाटेत बाजू बदलली, डावीकडून उजवीकडे. अपघात वाढतील म्हणून सगळे धास्तावले होते. झालं उलटंच. लोक डोळ्यांत तेल घालून चालले-चालवले आणि अपघात घटले, मग एक-दोन वर्षांत आकडे पुन्हा जुन्या पातळीवर आले. नवीन माणूस बावरलेला असतो तोवर दोन्हीकडे चारदा पाहतो. तो सरावला, फोनवर घरच्यांशी बोलत चालू लागला, की मान आपोआप गावाकडच्या बाजूला वळते.

सुट्टीवर गावी आल्यावर हाच गोंधळ उलट्या दिशेने होतो. तिकडे पाच-दहा वर्षं गाडी चालवलेला माणूस इथे एखाद्या फाट्यावर वळताना नकळत उजवी बाजू धरतो, आणि समोरून पोरं सायकलवर येत असतात.

सायकलचं तंत्र पायी चालण्याहून वेगळं आहे, आणि ते न शिकताच बरेच जण परदेशी जातात. फूटपाथ नसेल तिथे पायी चालणाऱ्याने समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावं, हे बरोबर. सायकल मात्र वाहतुकीच्या दिशेनेच चालवायची. किराणा दुकानातून, म्हणजे तिथल्या बकाल्यातून, घरोघरी सामान पोचवणारी पोरं ‘गाडी समोरून दिसते’ म्हणून उलट्या बाजूने सायकल हाणतात. दोघांचे वेग एकमेकांत मिळतात आणि गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा चालक त्या बाजूला बघतच नसतो. दुबईत ताशी ६० पेक्षा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर सायकल आणायलाच बंदी आहे, आणि हेल्मेट, चमकणारं जाकीट, पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा सक्तीचे आहेत.

आणि ट्रक. आपल्याकडे ट्रकच्या डाव्या अंगाला क्लीनर असतो. वळताना तो खिडकीतून बाहेर वाकून पाहतो, दारावर थाप मारतो, ‘आने दो’ किंवा ‘रुको’ ओरडतो. चालकाच्या आंधळ्या कोपऱ्याचे डोळे म्हणजे हा क्लीनर. परदेशात क्लीनर ही जातच नाही. चालक एकटा, उंच केबिनमध्ये, आणि त्याच्या लांबच्या बाजूला चिकटून उभा असलेला सायकलस्वार त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. लंडनने म्हणून १२ टनांवरच्या ट्रकना केबिनमधून बाहेरचं किती दिसतं त्यावरून तारांकित परवाने द्यायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून निकष तीन तारांवर नेला. ब्रिटनमध्ये ही आंधळी बाजू डावी, तर आखातात आणि युरोपात उजवी. सिग्नलला ट्रकच्या शेजारी नाही, तर मागे थांबायचं, हे दोन्हीकडे सारखं.

शिकलेल्या, माहितगार माणसांनाही हे चुकत नाही. नीती आयोगात काम केलेली आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करणारी एक भारतीय तरुणी मार्च २०२४ मध्ये लंडनला सायकलवरून घरी जाताना कचऱ्याच्या ट्रकखाली सापडून गेली. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये सिएटलला आंध्रची एक विद्यार्थिनी रस्ता ओलांडत होती, तीही आखून दिलेल्या पट्ट्यांवरून. ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असलेल्या त्या रस्त्यावर पोलिसांची गाडी ताशी सुमारे ११९ च्या वेगाने आली. पट्टे योग्य, बाजू योग्य, तरी सेकंदांचा हिशेब तिच्या हातात राहिलाच नाही.

ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत एक उतरंड घातली: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जबाबदारी जास्त. गल्लीत वळणाऱ्या गाडीने तिथे ओलांडायला उभ्या असलेल्या माणसालासुद्धा वाट द्यायची, आणि सायकलला मागे टाकताना किमान दीड मीटर अंतर सोडायचं. अमिरातीचा नवा कायदा आणि ही उतरंड शेजारी ठेवून पाहिली तर पायी चालणारा कुठे गुन्हेगार ठरतो आणि कुठे पाहुणा, ते लख्ख दिसतं. निवड करायची झाली तर कोणाच्याही मनात शंका राहू नये.

अर्थात तिकडच्यांना नावं ठेवताना घरचा आकडाही समोर असावा. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी. दिवसाला नव्वद.

अपघात झालाच तर पुढे काय, हे पूर्णगडसारख्या गावात घरच्यांना माहीत हवं, कारण फोन त्यांनाच येतो. अमिरातीत अपघाती मृत्यूसाठी दियाची, म्हणजे रक्तमोलाची, रक्कम २ लाख दिरहम ठरलेली आहे आणि गाडीचा विमा असला की ती विमा कंपनी भरते. पण दोष पादचाऱ्याचा ठरला तर तिथेच घोडं अडतं. म्हणून पोलिसांच्या अहवालाची प्रत लवकर मिळवणं महत्त्वाचं. दूतावासाकडे तक्रार नोंदवायला परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून आहे. ईसीआर पासपोर्टवर गेलेल्या कामगाराला प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. हप्ता करांखेरीज दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. दाव्यासाठी भारतीय दूतावासाचा दाखला चालतो. मुदत संपत आली की नूतनीकरण ऑनलाइन करता येतं. ते काम घरच्यांपैकी कोणी पावसच्या किंवा रत्नागिरीच्या सायबर कॅफेत बसून करून टाकलं तरी चालतं, फक्त पॉलिसी क्रमांकाची आणि पासपोर्टची झेरॉक्स घरात हवी.