दूरच्या समुद्रावरील राखणदार

गस्तीचे जहाज म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम तोफ उभी राहते. आपल्या तटरक्षक दलाच्या ‘समर्थ’ वर्गाच्या जहाजांवर तोफ आहे, पण ती अवघी ३० मिलिमीटरची. जहाज मात्र १०५ मीटर लांब आणि सुमारे २,३५० टनांचे. एवढ्या थोरल्या देहाला एवढेसे शस्त्र कशासाठी, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. आणि त्याच्या उत्तरातच या जहाजाचे सारे मर्म आहे.

आधी पहाऱ्याचे क्षेत्र पाहू. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस समुद्राखाली तेल सापडले. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातील मासळी, तेल व खनिजे यांवर भारताचा हक्क ठरला. हक्क कागदावर लिहिता येतो. तो राखायला मात्र जागेवर कोणी तरी हजर लागते. नौदल हे लढाईसाठी. त्याला रोजच्या राखणीत गुंतवणे परवडणारे नव्हते. म्हणून १ फेब्रुवारी १९७७ रोजी तटरक्षक दलाचा आरंभ झाला, आणि पुढल्या वर्षीच्या कायद्याने त्याला स्वतंत्र दर्जा मिळाला.

शेताची राखण करणारा माणूस रात्रभर माळ्यावर बसून राहतो. त्याच्या गोफणीपेक्षा त्याचे तेथे असणेच अधिक कामाचे. या जहाजाचेही तसेच आहे. त्याचा पल्ला सुमारे ६,००० सागरी मैलांचा. ताशी १२ मैलांची चाल धरली, तर हे ५०० तासांचे, म्हणजे जवळजवळ २१ दिवसांचे चालणे झाले. वेळ पडली तर ते ताशी २३ मैलांनी धावते. परंतु त्यासाठी ९,१०० किलोवॅटची दोन डिझेल इंजिने जोर लावतात. पाण्याचा नियम मोठा कठोर आहे. वेग दुप्पट करायचा तर शक्ती ढोबळ मानाने आठपट लागते. म्हणून शहाणा कप्तान एरवी सावकाश चालतो आणि तेल हाकेच्या वेळेसाठी राखून ठेवतो.

मोठ्या देहाचे कारणही आता कळेल. शंभरावर माणसांचे अन्न, पाणी, निजण्याची जागा, हेलिकॉप्टरसाठी सपाट तळ, संशयित जहाजावर माणसे नेणाऱ्या वेगवान होड्या आणि आगीवर दुरून पाण्याचा मारा करणारी यंत्रे, एवढे सारे सामावून पावसाळ्याच्या लाटांतही ते टिकले पाहिजे. तोफ लागते ती न थांबणाऱ्याला थांबवण्यापुरती.

‘वर्ग’ या शब्दाचा अर्थ कारखान्यातील माणसाला चटकन समजेल. एकाच आराखड्यावर अनेक नग काढले की पहिल्याच्या वेळी आलेली अडचण दुसऱ्याच्या वेळी येत नाही. सुटे भाग एकमेकांना चालतात. आणि एका जहाजावर तयार झालेला फिटर दुसऱ्यावर परका राहत नाही. वास्को येथील गोवा शिपयार्डमध्ये या वर्गाची अकरा जहाजे बांधली गेली. पोर्तुगीज अमलात, १९५७ साली सुरू झालेली ही गोदी. पहिले ‘समर्थ’ नोव्हेंबर २०१५ मध्ये सेवेत आले. २०१७ च्या अखेरीपर्यंत सहा झाली, आणि २०२० ते २०२२ या काळात आणखी पाच. संरक्षणाचे श्रेय वाटताना पत्रा कापणाऱ्या आणि सांधणाऱ्या हातांची आठवण सहसा होत नाही. ती येथे करून ठेवतो.

आता या राखणीचे फळ पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये श्रीलंकेच्या पूर्वेस ‘न्यू डायमंड’ या तेलवाहू जहाजाला आग लागली. पोटात सुमारे २,७०,००० टन कच्चे तेल, ते कुवेतहून पारादीपला निघालेले. त्यावरील एक कामगार दगावला. तटरक्षक दलाचे ‘शौर्य’ आणि मागाहून ‘सुजय’ तेथे पोहोचले, आणि श्रीलंकेच्या नौदलाबरोबर दिवसांमागून दिवस पाण्याचा मारा करून आग विझवली गेली. टाक्यांतील तेल वाचले. दोन्ही देशांच्या किनाऱ्यांवरील मच्छीमारांचे पोटही वाचले. जुलै २०२४ मध्ये, भर पावसाळ्यात, कारवारच्या समुद्रात एका कंटेनरवाहू जहाजाने पेट घेतला, तेव्हा ‘सचेत’ आणि ‘सुजीत’ ही याच वर्गातील जहाजे धावून गेली.

परंतु राखणदारावर सारा भार टाकून मोकळे होणे बरे नव्हे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा कामगारांचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाच्या जहाजांनी उसळत्या समुद्रातून माणसे वेचली. १८६ वाचली, बाकीची परत आली नाहीत. वादळाची सूचना आधीच मिळालेली होती. बुडत्याला काढणारे जहाज कितीही समर्थ असो, त्याचे काम संकट आल्यावर सुरू होते. संकटाआधी माणसाला बंदरात आणणे हे ज्याने त्याला कामावर पाठवले त्याचे कर्तव्य, आणि ते त्याच्याकडून करवून घेणे हे संघटनेचे.

जाता जाता एक आकडा घरी घेऊन जा: १५५४. समुद्रावर कोणी संकटात असल्याचे कळले, तर या क्रमांकावर तटरक्षक दलाला हाक मारता येते. राखणदार जागा आहे. पण त्याला हाक तरी वेळेवर पोहोचली पाहिजे.