तणाचं औषध कोण खातं?

पोरांनो, तणाचं औषध मारलं की आठ-पंधरा दिवसांत रान पिवळं पडून साफ होतं, हे तुम्ही दर हंगामात बघता. पण त्या औषधाचं पुढं काय होतं? थोडं पाण्याबरोबर जातं, थोडं मातीला चिकटून बसतं. उरलेलं मातीतले जिवाणू खातात. खरंच खातात!

लंडनला ऑडस नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. 1949 च्या सुमारास त्यांनी मातीतून टू-फोर-डीचं पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं. हेच टू-फोर-डी आपण उसातल्या रुंद पानाच्या तणावर मारतो. बरेच दिवस औषध जसंच्या तसं राहिलं, मग एकाएकी उतरायला लागलं आणि पार संपलं. त्याच मातीत पुन्हा औषध सोडलं, तर या खेपेला ताट वाढायचाच अवकाश! ते पचवणारे मूठभर जिवाणू पहिल्या खेपेत वाढून तयार झाले होते.

याहून मोठं नवल ॲट्राझीन या तणनाशकाचं. 1995 साली अमेरिकेत मिनेसोटाच्या संशोधकांनी तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीतून स्यूडोमोनास नावाचा एक जिवाणू वेगळा काढला. ॲट्राझीनमधलं नत्र काढून त्यावरच तो जगतो. ही विद्या जनुकांच्या एका छोट्या वर्तुळात असते आणि एक जिवाणू ते वर्तुळ शेजाऱ्याला देऊ शकतो. म्हणून वर्षानुवर्षं तेच औषध पडलेल्या रानात ते लवकर संपतं, तण लवकर डोकं काढतं आणि शेतकरी मात्रा वाढवत जातो. आपल्या प्रवरेकाठी हे समजून घ्यायलाच हवं. प्रवरानगरला 1950 साली सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून इथं ऊस, मग खोडवा, मग पुन्हा ऊस. आणि खुरपायला आता माणूस मिळत नाही.

पण हे जेवण सगळ्यांनाच मानवत नाही. बांधावर मारतात ते ग्लायफोसेट घ्या. काही अमिनो आम्लं बनवायची झाडांची जी वाट आहे, तिच्यातलं एक विकर ते बंद पाडतं. माणसात, गाई-म्हशीत ती वाटच नाही. जिवाणूंत आणि बुरशीत मात्र आहे! काहींचं विकर दणकट, ते तरतात, काहींचं नाजूक. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा ब्रॅडीरायझोबियम या नाजूक मंडळींतला, प्रयोगशाळेत त्याची वाढ खुंटलेली दिसते.

या गाठी बघायच्या तर महिन्याभराचं सोयाबीन उपटू नका, खुरप्यानं अलगद उकरा, नाहीतर गाठी मातीत तुटून राहतात. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ नखानं चिरा. आत लालसर गुलाबी दिसलं तर ती हवेतलं नत्र बांधतेय. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा, लेगहिमोग्लोबिनचा. आत हिरवट किंवा राखाडी असेल, तर काम थांबलंय. रानात पाणी साचूनही असं होतं, तेव्हा लगेच औषधाच्या नावानं बोटं मोडायची नाहीत.

युरियातल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हेही असेच हळवे. ते सावकाश वाढतात, त्यांच्या जातीही मोजक्या. एक गट ढेपाळला तर त्याची जागा घ्यायला दुसरा पटकन मिळत नाही.

एकदा, लेबलावरच्या मात्रेत फवारलं तर माती बहुधा सावरते. मला काळजी वाटते ती वर्षानुवर्षं एकाच औषधाची. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर तर सांगतात, नांगरू नका, तण औषधानं मारा आणि मुळं जागेवरच कुजू द्या. त्यातही तथ्य आहे. कुजणारी मुळं हे जिवाणूंचं खाणं, आणि नांगरानं बुरशीचे धागे तुटतात. पण उघड्या रानात औषध आणि वर पाचटही पेटवून दिलेलं, मग त्या जिवांनी खायचं काय?

आता एक काम करा. जुन्या सुती धोतराचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उसाच्या फडात, एक कधीच न फवारलेल्या आंब्याखाली, वीतभर खोल पुरा. ओल दोन्हीकडं सारखी ठेवा. दोन महिन्यांनी काढून, धुऊन, वाळवून तोला. जिथं जिवाणू-बुरशी कामात असतील, तिथला तुकडा जास्त खाल्लेला निघेल. जागेवर काठी रोवून खूण करा आणि तारीख वहीत लिहून ठेवा.