न कापता शस्त्रक्रिया करणारा ध्वनी

बहिर्गोल भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल. भिंगावर पसरलेले ऊन कशालाच जाळत नाही. तेच ऊन नाभीत एकवटले की कागद पेटतो. प्रकाशाऐवजी ध्वनी वापरून शरीराच्या आतला बिघडलेला भाग, त्वचेला धक्का न लावता, असाच जाळता येईल का? येतो, मात्र ध्वनी योग्य निवडावा लागतो.

तरंग त्यांच्या तरंगलांबीपेक्षा फारशा लहान जागेत एकवटता येत नाहीत. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. १,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १.५४ मीटर भरते, म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीइतकी! वारंवारता १० लाख हर्ट्झ केली, तर ती दीड मिलिमीटरवर येते. माणसाला २०,००० हर्ट्झपलीकडचे ऐकू येत नाही, म्हणून या ध्वनीला श्राव्यातीत म्हणतात. मग वारंवारता आणखी वाढवावी का? नाही. ती वाढली की वाटेतल्या ऊतीच अधिक ध्वनी शोषून घेतात आणि तो खोलवर पोचत नाही.

कवटीचा अडथळा

१९५० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी हा ध्वनी मेंदूवर वापरला. पण त्यासाठी कवटीचा तुकडा काढावा लागे. याचे कारण असे, की हाडातून ध्वनी मऊ ऊतींपेक्षा बराच वेगाने जातो आणि कवटीची जाडी सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे काही तरंग नाभीत आधी पोचतात, तर काही मागाहून. एकाचे संपीडन दुसऱ्याच्या विरलनाशी गाठले, की दोघांचा परिणाम नाहीसा होतो.

यावरचा तोडगा पुढे संगणकामुळे सापडला. रुग्णाच्या डोक्यावर अर्धगोलाकार टोपासारखे उपकरण बसवतात. त्यात ध्वनी निर्माण करणारे १,०२४ छोटे घटक असतात. सी.टी. स्कॅनवरून कवटीची जाडी ठिकठिकाणी मोजतात आणि कोणत्या घटकाने किती मागेपुढे सुरुवात करायची, हे संगणक ठरवतो. मग सगळे तरंग नाभीत एकाच कलेत भेटतात. कवटी तापू नये म्हणून टोप आणि डोके यांच्यामध्ये थंड पाणी खेळवतात.

नेम बरोबर आहे ना?

हात सतत थरथरण्याच्या एका विकारासाठी या उपचाराला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. यात मेंदूतील थॅलॅमस या भागातला छोटासा ठिपका जाळतात. जळालेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून आधी तो ठिपका नुसता कोमट करतात. रुग्ण जागाच असतो. त्याला कागदावर वेटोळे काढायला सांगतात. रेघ स्थिर झाली आणि इतर त्रास जाणवला नाही, तरच तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. आतले तापमान एम.आर.आय. यंत्र दाखवत असते.

हा उपचार सर्वत्र चालत नाही. हवेच्या सीमेवरून ध्वनी परावर्तित होतो, त्यामुळे हवेने भरलेल्या फुप्फुसाच्या आत तो पोचवणे अवघड असते. काही रुग्णांना नंतर बधिरपणा येतो किंवा तोल सांभाळणे जड जाते. काहींची थरथर कालांतराने परत येते.

या कामी सुमारे ६,५०,००० हर्ट्झचा ध्वनी वापरतात. मऊ ऊतींमधली त्याची तरंगलांबी काढा आणि ती पट्टीवर पाहा. नेम किती बारीक धरावा लागतो, ते तुमच्या लक्षात येईल.