प्रक्षेपणाचे हक्क आणि समालोचनाची भाषा

जबलपूरच्या नेपियर टाउनमधील एखाद्या मराठी कुटुंबाला क्रिकेटच्या सामन्याचे वर्णन मातृभाषेत ऐकावयाचे असेल, तर ते कोठून मिळावे? प्रश्न वरवर घरगुती वाटतो. पण त्याचे उत्तर क्रीडाप्रक्षेपणाच्या हक्कांच्या वाढत्या किमतीत शोधावे लागते.

आकाशवाणीच्या काळात मराठी समालोचन ही सार्वजनिक सेवा होती. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी खेळाची मराठी परिभाषा श्रोत्यांच्या कानी रुळविली. त्यासाठी सामन्यागणिक वेगळे मोल द्यावे लागत नसे. १९९३ च्या हिरो चषक स्पर्धेचे प्रक्षेपणहक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीस दिले आणि दूरदर्शनशी वाद उद्भवला. त्यावर ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली, तसेच प्रसारणावरील शासनाची मक्तेदारीही अमान्य केली. लहरी लोकांच्या राहिल्या. सामन्याचे प्रक्षेपण मात्र विक्रीयोग्य झाले.

या विक्रीचे मोल किती वाढावे? इंडियन प्रीमियर लीगच्या २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या हक्कांसाठी १६,३४७.५० कोटी रुपये मोजले गेले. २०२३ ते २०२७ साठी ही रक्कम ४८,३९० कोटींवर गेली. कारण उघड आहे. संपलेला सामना शिळा होतो. म्हणून प्रेक्षक नेमक्या वेळी एकत्र येतो, आणि जाहिरातदारास तेच हवे असते. हक्क मोजक्याच कंपन्यांस मिळावयाचे असल्याने लिलावातील चढाओढ वाढते, आणि गुंतविलेला पैसा अखेर जाहिरात व वर्गणी यांतूनच वसूल करावा लागतो.

येथे भाषेचा संबंध येतो. वसुलीसाठी प्रेक्षकवर्ग विस्तारणे भाग असते. २०२३ साली जिओसिनेमावर मराठी व भोजपुरीसह बारा भाषांत समालोचन झाले, तेही विनामूल्य. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरासही ते सहज उपलब्ध झाले. म्हणजे ज्या बाजाराविषयी आपण तक्रार करतो, त्यानेच मराठीस प्रादेशिक सीमांपलीकडे नेले. परंतु २०२५ साली जिओसिनेमा व हॉटस्टार एकत्र आले आणि सदस्यशुल्काचा प्रश्न पुढे आला. किमतीमुळे मिळालेली भाषा किमतीच्याच आधीन राहते.

२००७ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस द्यावे लागते. त्यामुळे दृश्य सर्वांना मिळते. ते कोणत्या भाषेत समजावून सांगावे, हे मात्र त्यातून ठरत नाही. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे ते येथे. समालोचन हे मौखिक गद्याचे एक जिवंत रूप आहे, आणि जे रूप केवळ लिलावाच्या आधारावर उभे आहे, त्याचे जतन दुसऱ्या कोणीतरी करावयास हवे. सार्वजनिक मालमत्तेच्या लहरींवरून जाणारी भाषाही काही अंशी सार्वजनिक मानली गेली, तरच नेपियर टाउनमधील त्या घराचा प्रश्न सुटेल.