जहाजाच्या घड्याळात किती वाजले? कॅरिबियन क्रूझ समजून घेताना

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, किंवा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून वाचायचंय, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढायचा प्रयत्न केलाय, सगळे काही निघाले नाहीत.

तर, मे महिन्यात मी आणि बायको मायामीहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ करून आलो. जमैका, ग्रँड केमन, मेक्सिकोचं कोझुमेल आणि परतीच्या वाटेवर बहामाजमधलं कंपनीचं खासगी बेट. स्टोरी टाकल्यावर तुमचे जे मेसेज आले त्यात दोनच प्रश्न होते. "उलटी होते का?" आणि "किती पैसे लागले?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे जहाज सगळ्यात कमी हलतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की आधी एक गोष्ट सांगावी लागेल. ती कळली की तिकीट, बिल, टिप, व्हिसा सगळ्याचा उलगडा होतो. गोष्ट अशी, की क्रूझचं जहाज हा एक वेगळा देश आहे. त्याचा कायदा वेगळा, चलन वेगळं, मोबाइल नेटवर्क वेगळं, आणि घड्याळसुद्धा वेगळं.

कायद्यापासून सुरू करू. आमच्या जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली 'नासाऊ' लिहिलं होतं. नासाऊ ही बहामाजची राजधानी. जहाज मायामीतून निघतं, प्रवासी बहुतेक अमेरिकन, पण नोंदणी बहामाजची. बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांचं असंच असतं, कुणी बहामाज, कुणी पनामा. रॉयल कॅरिबियन ग्रुप तर मायामीत बसतो, पण कंपनी म्हणून नोंदलेला आहे आफ्रिकेतल्या लायबेरियात. कारण सरळ आहे: अमेरिकेचा झेंडा लावला की अमेरिकन कामगार कायदे आले, अमेरिकन पगार आले. परदेशी झेंडा असला की कर आणि मजुरी दोन्ही स्वस्त.

आता यातली गंमत बघा. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी न्यायचे नाहीत. आणि त्याच बंदरात परत यायचं असेल, तर वाटेत निदान एक परदेशी बंदर घ्यायचं. म्हणून मायामीहून सुटणारी तीन रात्रींची छोटी क्रूझही बहामाजला शिवून येते. निळं पाणी आहेच हो, पण मागे एक जुना कायदाही आहे.

इथेच अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींचं घोडं पेंड खातं. कारण परदेशी बंदर घेतलं म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात, आणि परत येताना इमिग्रेशन आलं. अमेरिकन नागरिकांना अशा फेरीला जन्मदाखला आणि फोटो ओळखपत्र चालतं. ऑफिसमधला सहकारी तेच सांगतो, "अरे, पासपोर्टपण लागत नाही." त्याला लागत नसेल, तुम्हाला लागतो. नुसता पासपोर्ट नाही, त्यात चालू व्हिसा स्टँप पण.

हे नीट ऐका, म्हणजे वाचा. एच-वन-बी वर असलेल्या कित्येक जणांचा स्टँप संपलेला असतो, पण आय-नाइन्टी-फोर चालू असतो. अमेरिकेत राहायला तेवढं पुरतं. संपलेल्या स्टँपवर थोड्या दिवसांसाठी बाहेर जाऊन परत येण्याची एक सवलत आहे, तिला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. मात्र एच-वन-बी आणि एच-फोर वाल्यांना ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी, तीस दिवसांच्या आतल्या प्रवासाला. आसपासच्या बेटांना ती लागू होते एफ आणि जे व्हिसावाल्यांना, क्यूबा सोडून. म्हणजे एमएस करणारा तुमचा धाकटा भाऊ संपलेल्या स्टँपवर बहामाजहून परत येऊ शकेल, आणि चार वर्षं नोकरी करणारे तुम्ही अडकाल. तेव्हा बुकिंगच्या आधी स्टँपची तारीख बघा, आणि शंका असेल तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका. क्रूझच्या कॉल सेंटरला विचारू नका, त्यांचं ते काम नाही. मेक्सिकोत अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी बेटांचं प्रत्येकाचं वेगळं, ते बघून घ्या.

आता चलन. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचं कार्ड हेच पाकीट, आणि ते तुमच्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं. तिकिटात खोली, मुख्य डायनिंग रूम आणि बुफेचं जेवण, पूल, रात्रीचे शो एवढं येतं. दारू, कोल्ड्रिंक, चांगली कॉफी, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं वर. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि कमाई आत करायची, ॲप फुकट देऊन आत खरेदी ठेवतात ना, तसंच. दुकानं आणि कसिनो बंदरात असताना बंद असतात, किनारा मागे पडला की उघडतात. ज्या दिवशी कुठेच थांबायचं नसतं त्या दिवशी जहाज सगळ्यात जास्त कमावत असणार असा माझा अंदाज आहे, कारण तीन हजार माणसं आणि जायला दुसरी जागा नाही.

ड्रिंक पॅकेजचं एक सांगतो. अनेक कंपन्यांत एकाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. माझी बायको पीत नाही, मी दिवसाला फार तर एक बियर. आम्ही घेतलं नाही, आणि सुट्या बियरवर साधारण १८ टक्के टिप लागूनही आम्ही खूप खाली राहिलो. तुमचं गणित तुम्ही करा, पण करा.

आणि टिप. हा भाग मला नुसता खर्च म्हणून सांगायचा नाहीये.

पहिल्या रात्री डायनिंग रूममध्ये आम्ही दोघं मेनू बघत मराठीत कुजबुजत होतो, यात शाकाहारी काय काय आहे म्हणून. वेटर पाण्याचा जग घेऊन उभा होता. हळूच म्हणाला, "तुमी खंयचे?" सावंतवाडीचा निघाला. सांगलीचा म्हटल्यावर मालवणीतून मराठीवर आला, 'सर-मॅडम'चं 'दादा-वहिनी' झालं. पुढचे सहा दिवस आम्हाला डाळ-भात आणि भाजी न मागता मिळाली. (टीप: शाकाहारींनी हेड वेटरला आदल्या रात्री सांगून ठेवलं की बहुतेक मोठ्या जहाजांवर भारतीय जेवण वेगळं करून देतात. मराठी वेटर असायलाच हवा असं नाही.)

जहाजांवर काम करणारी मुलं गोव्यात, कोकणात, मुंबईत गावोगाव आहेत, तुमच्याही ओळखीत एखादा असेल. त्याला विचारलं, सुट्टी कधी असते? हसला. "इथे रविवार नसतो, दादा. काँट्रॅक्ट संपलं की एकदम सुट्टी." सात महिन्यांचं काँट्रॅक्ट, आठवड्याचे सातही दिवस काम. यालाही कायदा आहे बरं का. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार म्हणतो, चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती द्यायची. आता उलटं मोजा. आठवड्याचे १६८ तास, त्यातून ७७ वजा. ९१ तासांपर्यंत काम नियमात बसतं. आपण शुक्रवारी रात्री डिप्लॉयमेंट आलं की स्लॅकवर रडतो.

तुमच्या बिलात रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर 'ग्रॅच्युइटी' आपोआप लागते. १८ धरले तर दोघांचे सात दिवसांचे २५२ डॉलर. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक 'हॅक' फिरतो, की गेस्ट सर्व्हिसला जाऊन हे काढून टाकता येतं. येतं खरं. पण वेटर आणि केबिन साफ करणाऱ्यांच्या कमाईचा मोठा भाग त्यातूनच येतो. कंपनीने पगाराचा भार आपल्यावर ढकललाय हे मलाही पटत नाही, पण त्याचा राग त्या सावंतवाडीच्या मुलावर काढायचा का? २५२ डॉलर तिकिटातच धरा आणि मग परवडतंय का बघा. नाही परवडत तर पाच रात्रींची घ्या.

आता घड्याळ. माझा आवडता विषय, कारण ज्याने कधी टाइमझोनचा बग सोडवलाय त्याला यातली भीती कळेल.

मायामीत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. जमैका आणि केमन बेटं करत नाहीत. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे तेही २०१५ पासून वर्षभर एकाच वेळेवर आहे. म्हणजे हिवाळ्यात मायामी आणि ही तिन्ही ठिकाणं एकाच वेळेवर असतात, पण मार्च ते नोव्हेंबर बेटं एक तास मागे. आमच्या जहाजाने पूर्ण प्रवासात मायामीचीच वेळ ठेवली होती. किनाऱ्यावर उतरलात की फोनला तिथलं नेटवर्क मिळतं आणि तो शहाणा मुलगा आपलं आपण घड्याळ मागे करतो. जहाजावर परतायची वेळ साडेचार. तुमचा फोन साडेतीन दाखवतोय, तुम्ही म्हणता अजून तास आहे, एक नारळपाणी घेऊ. जहाजाच्या घड्याळात साडेचार वाजलेत!

कोझुमेलला आम्ही डेकवरून बघितलं, एक जोडपं पिशव्या सांभाळत धक्क्यावरून धावत येत होतं. वरून लोक टाळ्या वाजवत होते, व्हिडिओ काढत होते. ते पोहोचले. न पोहोचणाऱ्यांना पुढच्या बंदरापर्यंत किंवा घरी स्वतःच्या खर्चाने विमानाने जावं लागतं. आपल्या लोकांना तर त्यात पासपोर्ट-व्हिसाचं आणखी झेंगट.

उपाय साधा आहे. फोनमधलं 'ऑटोमॅटिक टाइम' बंद करा, किंवा हाताला साधं घड्याळ बांधून ते जहाजाच्या वेळेला लावा. निघताना एअरप्लेन मोड लावा, म्हणजे समुद्रात फोन आपोआप जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जाणार नाही. त्याचं रोमिंग तुमच्या प्लॅनमध्ये बहुतेक नसतं आणि बिल बघून झोप उडते.

यावरूनच सहल कुणाकडून घ्यायची तेही ठरतं. जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. बाहेरून घेतली तर थांबत नाही. या खात्रीचे पैसे कंपनी घेते, आणि त्यातला किती भाग बेटावरच्या माणसाला पोहोचतो हा प्रश्नच आहे. आम्ही जागा बघून ठरवलं.

जमैकाचं फालमथ बंदर. तिथून मार्था ब्रे नदी जवळ आहे, लांब बांबूच्या तराफ्यावर बसवून नावाडी काठीने हळूहळू खाली नेतो. आम्ही लाल नंबरप्लेटची, म्हणजे परवाना असलेली टॅक्सी केली, भाव आधी ठरवला. ड्रायव्हर काकांनी परतताना एका टपरीवर थांबवलं, तिथे पाटीवर लिहिलं होतं 'करी गोट, रोटी'. बायको म्हणाली, हे आपलं इथे कसं? तर ते असं. १० मे १८४५ ला 'ब्लंडेल' नावाचं जहाज भारतातून मजूर घेऊन जमैकाच्या ओल्ड हार्बर बे ला लागलं. गुलामगिरी बंद झाली होती, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. पुढे १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय करारावर तिकडे गेले, बहुतेक उत्तरेकडचे. जमैकात गांजाला 'गांजा'च म्हणतात, तो शब्दही त्यांच्याबरोबर गेलेला. मी ती रोटी खाताना नुसता त्या तारखेकडे बघत होतो, कारण आम्ही मे महिन्यातच आलो होतो, आमच्याही जहाजाच्या पोटात भारतातून करारावर आलेली माणसं होती. तुलना ताणायची नाही, त्या सावंतवाडीच्या मुलाला घरी परत जायचं तिकीट आहे. पण डोक्यात आलं खरं.

ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या बोटी तुम्हाला किनाऱ्यावर नेतात. क्रूझचा धक्का बांधावा का यावर तिथे एप्रिल २०२५ मध्ये सार्वमत झालं आणि लोकांनी नाही म्हटलं. बंदरातल्या प्रवाळांची काळजी आणि आधीच झालेली गर्दी हे मुद्दे होते. प्रवासी म्हणून आमचा रांगेत तास गेला. तिथे राहत असतो तर मीही नाही म्हटलं असतं.

कोझुमेलला बेटावरच राहायचं तर टॅक्सी पुरे. तुलुमचे माया अवशेष बघायचे असतील तर आधी पाऊण तासाची फेरी, मग रस्ता. तिथे मात्र जहाजाचीच सहल घ्या, पैसे जास्त गेले तरी. आम्ही बेटावरचं सान हर्वासियो बघितलं, इश्चेल देवीचं जुनं तीर्थक्षेत्र. गर्दी नाही, इग्वाना भरपूर.

शेवटचं खासगी बेट सुंदर आहे, स्वच्छ आहे, आणि तिथे खोलीचंच कार्ड चालतं. यावरून काय ते समजा.

एका श्रोत्याने विचारलंय की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिकिटं अर्ध्यावर कशी येतात. कारण १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम, आणि ऐन भर त्याच दोन महिन्यांत. जहाज वादळात घुसत नाही, ते वाट बदलतं. तुम्ही जमैकाचं तिकीट काढलंत आणि नेलं दुसरीकडेच, तर करारात त्यांना तशी मुभा असते. फिरण्यासाठी जहाज हवं असेल तर तेव्हा जा, बेटंच बघायची असतील तर नको. मायामीला मात्र एक दिवस आधी पोहोचा, विमान लेट झालं तरी जहाज थांबत नाही.

चला, प्रश्न पाठवत राहा, भेटू पुढच्या भागात.