एक मोटर, एकोणीस सांधे

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग घट्ट धरा आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून पाहा. हालचाल होते बोटांची, पण स्नायू सरकताना जाणवतात ते मात्र तिथे, कोपराजवळ! बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच. थोडे तळहातात असतात. खरे ताकदीचे असतात ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये. तिथून निघालेल्या कंडरा मनगटातून थेट बोटांच्या टोकांपर्यंत जातात. आपली बोटं म्हणजे कळसूत्री बाहुल्याच.

यंत्राचा हात घडवणाऱ्यांनी आधी ही रचना जशीच्या तशी उचलली. 1980च्या दशकात अमेरिकेत युटा विद्यापीठ आणि एमआयटी यांनी मिळून केलेल्या हाताला चार बोटं, सोळा सांधे आणि तब्बल 32 कंडरा होत्या. लंडनच्या ‘शॅडो’ हाताला 24 सांधे आहेत आणि ते हलवायला वीस मोटरी. बघत राहावं अशी कारागिरी! पण साधा पेला उचलायचा तरी कुठला सांधा किती वाकवायचा, याचा हिशेब क्षणोक्षणी करावा लागतो. मग आपला मेंदू हे बिनबोभाट कसं करतो?

याचं एक सुंदर उत्तर 1998 साली मिळालं. मार्को सँटेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच जणांना 57 ओळखीच्या वस्तू एकेक करून ‘धरायला’ सांगितल्या. वस्तू समोर नव्हती. ती हातात आहे असं समजून फक्त हाताचा आकार करायचा होता. सांध्यांचे कोन मोजल्यावर दिसलं, की एवढ्या सगळ्या आकारांतला ऐंशी टक्क्यांहून जास्त फरक सांध्यांच्या अवघ्या दोन सामायिक हालचालींतून उभा राहतो. म्हणजे सांधे एकेकटे नाही, टोळीने हलतात.

इटलीत पिसा विद्यापीठात आंतोनियो बिक्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शोधाचा धागा पकडून हात बनवला, आणि मला तर तो सगळ्यांत शहाणा वाटतो. सांधे एकोणीस, मोटर एक! एकच कंडरा कप्प्यांवरून वळसे घेत पाचही बोटांतून फिरते. मोटर ओढू लागली की मूठ मिटू लागते. समजा तर्जनी आधी वस्तूला टेकली आणि थांबली. ओढ चालूच असते, ती उरलेल्या बोटांकडे वळते आणि तीही वस्तूला टेकेपर्यंत मिटत जातात. वस्तू गोल की चौकोनी, हे हाताला आधी सांगावंच लागत नाही. पकडीचा आकार वस्तूच ठरवते. सांधे लवचीक अस्थिबंधांनी धरलेले असल्यामुळे जोराचा धक्का बसला तर निखळतात आणि आपोआप जागेवर येतात.

अर्थात बोटांमध्ये पेन फिरवणं या एका मोटरीला जमणार नाही. त्यासाठी पुन्हा ‘शॅडो’सारखाच हात लागतो. 2019 साली ओपनएआयने त्याच हाताकडून रुबिक क्यूब सोडवून घेतला, पण क्यूब पुरता विस्कटलेला असला की पाचांतून एकदाच साधायचं.

आणि स्पर्शाचं काय? आपल्या एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे 17,000 संवेदक आहेत. पेला किंचित निसटू लागला, तर आपल्या लक्षात येण्याआधीच, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, पकड घट्ट होते. अशी त्वचा अजून एकाही यंत्राच्या हाताला मिळालेली नाही.